लाल भरून झाला आहे

अहमदाबाद, ९ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

सविनय जय भीम.

फोनवर भांडण होतं, पत्रात बोलणं होतं, असं तूच म्हणतेस. म्हणून हे पत्र.

दिवाळीत मी तुला सांगितलं की कॉलेजचं छपाईचं प्रोजेक्ट चालू आहे. ते अर्धं खरं होतं. खरं म्हणजे ऑगस्टपासून मी रोज दुपारी सतीशभाईंच्या घरी जाऊन बसते. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या पछेडी रंगवतात. पछेडी म्हणजे देवीच्या मागे आणि वर टांगायचं कापड. मधोमध देवी, भोवती देऊळ, देवळाभोवती माणसांच्या, जनावरांच्या रांगा. सगळं हातानं. बांबूची काडी टोकाशी ठेचायची, तिला चिंधी गुंडाळायची, ती लेखणी. भंगारातलं लोखंड आणि गूळ पंधरा दिवस मडक्यात कुजवायचं, तो काळा. वास असा येतो की पहिल्या दिवशी मी जेवलेच नाही.

सतीशभाईंची आई ललिताबेन सत्तरीची आहे. तिच्या नजरेला मोतीबिंदू आणि हाताला कंप. पण काडी कापडाला टेकली की कंप जातो. मेलडी माता काढते ती, काळ्या बोकडावर बसलेली. आठ हात, आठ हातांत आठ वस्तू, आणि एकदाही काडी उचलून विचार करत नाही. मी पाहत राहते. आत्या, तू बोलायला उभी राहिलीस की हातात कागद नसतो ना, तसं ते आहे.

आता मुद्दा. मार्चमध्ये कोर्स संपतो. सुरतची नोकरी आहेच. पण सतीशभाई म्हणतात, तीन वर्षं घरात बसून शिकायची तयारी असेल तर शिकवतो. नात्याबाहेरच्या कुणाला त्यांनी आजवर घेतलेलं नाही. त्यांची अट एकच, माझ्या घरचा होकार. आई-बाबा गेल्यावर घर म्हणजे तू.

तुझी,
रूपा

*

शेलूबाजार, २० जानेवारी २०२५

चि. रूपा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा जास्त आला. तिसऱ्यांदा लाल पेन घेऊन बसले, शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या, तेव्हा कुठे हात शांत झाला.

खोटं बोललीस त्याबद्दल नंतर. आधी तुला तुझ्या आज्याची आठवण करून देते. विसरली नसशील, पण काही गोष्टी विसरलेल्या नसल्या तरी पुन्हा सांगाव्या लागतात.

चैत्रात गावातल्या देवीची मिरवणूक निघे. सगळ्यांच्या पुढे आमचा बाप, ग्यानबा, गळ्यात डफडं. त्याच्या तालावर सगळा गाव नाचे, घोड्यावरचे पाटीलसुद्धा मान हलवत. देवळाच्या पायरीशी आलं की त्यानं वाजवणं थांबवायचं आणि बाजूला सरायचं. मिरवणूक आत जाई. ज्याच्या हातांनी देवीला घरापर्यंत आणलं तो बाहेर उन्हात उभा. छप्पन साली दीक्षा घेऊन तो नागपूरहून परतला तेव्हा वीस वर्षांचा होता. पुढच्या चैत्रात बोलावणं आलं. त्यानं डफडं गळ्यात घातलं, एकटाच वाजवत पायरीपर्यंत गेला, ते काढून पायरीवर ठेवलं, पाठ फिरवली आणि घरी आला. मागे वळून पाहिलं नाही. कुणाला शिवी दिली नाही, दगड मारला नाही. ती पाठ मी चाळीस वर्षं व्यासपीठावरून लोकांना दाखवते आहे. मी शिकले ती त्या पाठीमुळे. तू अहमदाबादेत बसली आहेस तीही त्या पाठीमुळेच.

आणि त्याची नात देवी रंगवणार? आठ हातांची? माझ्याजवळ दोनच आहेत, पण त्या दोन हातांनी तुला वाढवलं, हे लक्षात ठेव.

तू म्हणशील, ही कला आहे. मला कला कळते. अजिंठा दाखवायला तुला मीच नेलं होतं. पण कलेला पत्ता असतो, रूपा. ती कुठल्या दाराशी उभी आहे ते पाहावं लागतं.

होकार नाही. सुरतची नोकरी घे.

तुझी आत्या,
वच्छला

*

अहमदाबाद, १८ फेब्रुवारी २०२५

आत्या,

महिनाभर लिहिलं नाही, कारण काम करत होते.

पत्त्याचं विचारलंस म्हणून सांगते. या लोकांनाही देवळात घेत नसत. तेव्हा त्यांनी कापडाचं देऊळ केलं. कुणाच्या पायरीशी उभं राहायला नको. चार काठ्या रोवल्या, कापड टांगलं, झालं देऊळ. उठताना घडी करून काखेत. हा त्यांचा पत्ता.

सोबतच्या पार्सलमध्ये माझं पहिलं पूर्ण कापड आहे. या घरात शिकणाऱ्याचं पहिलं कापड विकत नाहीत, त्याच्या घरी पाठवतात. गुढीपाडव्याच्या सुमाराला यांची चैत्रातली नवरात्र बसते, त्याआधी ते इथे परत यावं लागतं. तू नुसतंच परत पाठवलंस तरी चालेल. मग मी सुरतला जाईन.

सावलीत ठेव. पाणी लागू देऊ नकोस. घडी फार दाबू नकोस. काळा काढून झाला आहे, लाल भरून झाला आहे.

रूपा

*

शेलूबाजार, २७ फेब्रुवारी २०२५

चि. रूपा,

पार्सल आल्यावर चार दिवस कपाटावर ठेवलं होतं. पाचव्या दिवशी प्रेमसिंग आले. आपले तांड्यावरचे, वनखात्यातून रिटायर झालेले. त्यांना चहा दिला आणि म्हटलं, एक टोक धरा. दोघांनी मिळून ते कापड ओसरीत उलगडलं.

त्यानंतर चहा तसाच राहिला.

मला चित्रातलं फार कळतं असा दावा नाही. पण रेघ कळते. फळ्यावर अठ्ठावीस वर्षं रेघा मारल्यात मी. पंचा पसरावा एवढ्या सहज तू दोन हात लांब कमान एका रेघेत टाकली आहेस, कुठे जोड दिसत नाही. तो बोकड! त्याची दाढी वाऱ्यावर एका बाजूला उडते आहे आणि डोळा असा तिरका की आत्ता ओसरीतला पाला खाईल. प्रेमसिंग म्हणाले, “बाई, हा आपल्या इकडचाच बोकड हाय. गुजरातेत असे कान नाई राहत.” आणि ती बाई, बोकडावरची. मी तिला देवी म्हणणार नाही, पण बसली आहे ती कशी, पाठ ताठ, पाय सैल. जिला कुणी ऊठ म्हणू शकत नाही अशी. आयुष्यभर मी सभांमधून बायकांना हेच सांगत आले, खुर्चीच्या कडेवर बसू नका गं, पूर्ण बसा. तू ते न बोलता सांगितलंस.

रांगांमध्ये शेलूबाजारच्या जीपा पाहिल्या, टपावर माणसांसह. माईकपुढे हात उगारून उभी असलेली चष्मेवाली बाईही पाहिली. माझं नाक एवढं मोठं नाही.

आणि पायरीवरचं डफडं पाहिलं.

पण रूपा, हे तू काय केलंस? चिठ्ठीत लिहिलंस, लाल भरून झाला आहे. कापडावर काळा आहे आणि ताकासारखा पिवळट रंग आहे. लाल कुठेच नाही. मी खिडकीपाशी नेऊन पाहिलं, उलटं करून पाहिलं. जागोजागी कापड खळ दिल्यासारखं कडक लागतं, बस. खालच्या काठापाशी तर रांग मध्येच तोडून टीचभर जागा कोरीच सोडली आहेस.

मला रात्रभर वाटत राहिलं की हे माझ्या पत्रानं झालं. आत्या चिडेल म्हणून तू कुंकू पुसलंस. माझ्या समाधानासाठी पोरीनं आपल्या चित्राचा रंग काढून घेतला आणि वर लिहिलं, भरून झाला आहे. असं असेल तर ऐक. मी तुला नाही म्हटलं, भिऊन अर्धं काम कर असं म्हटलं नव्हतं. ज्याच्यावर विश्वास आहे ते पूर्ण रंगात करावं आणि मग माझ्याशी भांडावं. तुझा आजा अर्धी पाठ फिरवून परत आला नव्हता.

लाल का नाही, ते लिही.

आत्या

*

अहमदाबाद, ५ मार्च २०२५

आत्या गं आत्या,

तुझं पत्र ललिताबेनला वाचून दाखवलं. मराठी तिला कळत नाही, तरी ती हसून हसून खोकायला लागली. म्हणाली, विचारलं ना तिनं? आता सांग.

लाल आहे. पूर्ण आहे. दिसत नाही एवढंच.

इथे लाल रंग कापडावर लावतच नाहीत. लावतात ती तुरटी, चिंचोक्याच्या खळीत घोटलेली. जिथे लाल हवा तिथे तुरटी. बाकीचे लोक त्यात चिमूटभर गेरू घालतात, म्हणजे आपण कुठे भरलं ते दिसतं. ललिताबेन घालू देत नाही. म्हणते, दिसतं तेच भरायचं तर डोळे पुरेत, लक्षात कशाला ठेवायचं? तेव्हा मी महिनाभर पाण्यानं पाण्यावर रंगवल्यासारखं रंगवलं. काळ्या रेघांच्या आत भरणं सोपं. खालच्या काठापाशी तू म्हणतेस ती कोरी जागा कोरी नाही. तिथे काळी रेघ न काढता नुसतं तुरटीनं काढलं आहे. काय ते सांगत नाही. नीट आलंय का, मलाही माहीत नाही. कुणीच ते अजून पाहिलेलं नाही.

लाल वर येतो तो कापड उकळल्यावर, रंगाच्या मुळाच्या पाण्यात. जिथे तुरटी तिथेच रंग धरतो, बाकी कापड कोरं राहतं. आणि शिकणाऱ्याचं पहिलं कापड त्याच्या घरचे उकळतात. त्यातही ज्याची हरकत आहे त्यानं. ललिताबेनला मी तुझं जानेवारीचं पत्र सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली, मग तिच्याच हातात दे. पण विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही. जिला लाल हवासा वाटेल ती विचारेल.

म्हणजे आता तुझ्या हातात आहे. परत पाठवलंस तर ते असंच पिवळं राहील आणि मी तुझ्यावर रागावणार नाही. थोडी रागावेन.

उकळायचं असेल तर: आधी वाहत्या पाण्यात धू. साचलेल्या पाण्यात अजिबात नको, सुटलेली तुरटी पसरते आणि पुढे सगळं कापड डागाळतं. ओलं कापड दुमडू देऊ नकोस. मग मोठ्या भांड्यात, सोबत पाठवलेली रंगाची पूड आणि धायटीची फुलं. फुलांनी रंग सारखा चढतो. काठीनं हलवत राहायचं. थांबायचं नाही.

रूपा

*

शेलूबाजार, १९ मार्च २०२५

चि. रूपा,

हे पत्र दमलेल्या हातांनी लिहिते आहे. अक्षर वाईट आलं तर लाल पेन तू घे.

आधी कबुली. तुझी रंगाची पूड वापरली नाही. ओरडू नकोस, पुढे वाच. जुन्या सरकारी जिल्हावर्णनात मी कधीतरी वाचलं होतं की या वऱ्हाडात आल पिकायची. आल म्हणजे एक झाड, त्याच्या मुळातून लाल निघतो. शेतंच्या शेतं होती. मग कारखान्यातला रंग आला आणि ती शेती मेली. मी प्रेमसिंगना विचारलं, आल माहीत आहे? ते म्हणाले, “काहून नाई? माह्या वावराच्या धुऱ्यावर दोन उभे हायेत. बारतोंडी म्हणतेत त्याले. कोणी विचारतच नाई बिचाऱ्याइले.” त्यांनी बाजूची मुळं तेवढी खणून काढली, झाडाला धक्का न लावता. साल सोलली तर आतून पिवळी, बोटाला घासली तर लालसर. मला तिथेच भरून आलं. ज्या मातीनं सगळ्या मुलखाला लाल पुरवला ती विसरून आम्ही पुडीतला लाल विकत आणायचा? ते मला पटलं नाही. धोका होता, ठाऊक आहे. पण तू आठवणीवर रंगवलंस, मग मी मातीवर भरवसा ठेवला तर काय चुकलं? मुळं वाळवली, कुटली, कापडाच्या एका चिंधीवर तुरटी लावून आधी तपासून पाहिली. अगदीच वेडी नाही मी. धायटीची फुलंही इथलीच, प्रेमसिंगच्या सुनेनं रानातून ओटीभर आणली.

वाहतं पाणी कुठलं? मार्चमध्ये इथल्या नदीत गोट्या खेळता येतात. प्रेमसिंगच्या विहिरीवरची मोटार चालू केली आणि पाटात कापड सोडलं. थ्री फेज लाईन बारापर्यंत असते. साडेदहाला पाणी छान धावत होतं, कापडातून दुधासारखं काही सुटत होतं, आणि अकराच्या आत लाईन गेली.

पाणी थांबलं. तुझे शब्द आठवले, साचलेल्या पाण्यात नको, दुमडू नकोस. मी दोन कोपरे धरले, प्रेमसिंगनी दोन, आणि कापड ताणून वर उचललं, चिखलाच्या, पाण्याच्या वर. खांद्याच्या उंचीवर धरावं लागलं, नाहीतर मधून झोळ येई. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मी दोन-दोन तास बोलते, पण हात असे कधी धरले नव्हते.

प्रेमसिंग म्हणाले, “बाई, दोन कोपरे बाभळीले बांधू का?”

“काटे लागतील.”

“मंग मले द्या, तुमी बसा.”

“चार कोपरे दोन हातांत कसे धराल? तुम्हीपण आठ हातांचे झालात का?”

जरा वेळानं ते गालात हसत म्हणाले, “लोक पाहून राह्यले ना बाई धुऱ्यावरून. म्हणतीन, वच्छलाबाई देवीपुढं हात वर करून उभी हाय.”

“म्हणू द्या. तुम्ही कापड सांभाळा.”

चाळीस मिनिटं, रूपा. उन्हात. कापडापलीकडे प्रेमसिंगचा पागोटं घातलेल्या डोक्याचा शेंडा, मध्ये ती बोकडावर बसलेली, आणि अलीकडे मी. हात जोडले नाहीत. ते कधी जोडणार नाही, ही माझी प्रतिज्ञा आहे आणि तुझ्यासाठीही ती मोडणार नाही. पण चाळीस मिनिटं मी तुझ्या हातांचं काम माझ्या हातांवर तोलून धरलं आणि खाली ठेवावंसं एकदाही वाटलं नाही. लाईन आली, मोटार सुरू झाली, पुन्हा धुतलं. एका जागी थोडं पसरलंच, बोकडाच्या दाढीपाशी. ते माझ्या खात्यावर.

मग घरामागे तीन दगडांवर जयंतीचा भात शिजतो ते मोठं गंज चढवलं, विहारातून मागून आणलेलं. मुळांचं पाणी, फुलं, आणि कापड. काठीनं हलवत राहिले. बराच वेळ काहीच नाही. पाणी मळकट, कापड मळकट. मला वाटलं, संपलं, म्हातारीच्या हट्टानं पोरीचं वाटोळं केलं. आणि मग काठीवर कापडाचा एक पदर वर आला आणि त्यावर लाल होता. आधी गुलाबी. मग विटेसारखा. मग गाभुळलेल्या चिंचेच्या आतला असतो ना, तसा. बोकडाची झूल भरली, जीपा भरल्या, माझं लुगडं भरलं. तू न पाहता जे जे ठेवलं होतंस ते एकेक करून वर येत गेलं, एकही रेघेबाहेर नाही. मी मोठ्यानं ओरडले. प्रेमसिंग धावत आले, त्यांना वाटलं भाजले.

आणि शेवटी खालचा काठ वर आला.

ती टीचभर जागा. तिथे एक माणूस होता. काळ्या रेघेशिवाय, नुसत्या लालाचा. कापडातली सगळी माणसं बोकडावरच्या बाईकडे तोंड करून आहेत, जीपांतली, झाडावरची, माईकपुढची मीसुद्धा. हा एकटा तिच्याकडे पाठ करून आहे. गळा रिकामा, हात मोकळे, एक पाय काठाच्या नक्षीवर. बाहेर निघाला आहे. चेहरा बोटाच्या पेराएवढा, पण ती जिवणी मी ओळखते. आणि रूपा, हे तू मुद्दाम केलंस की आपोआप झालं, मला माहीत नाही. त्या बाईचे डोळे तू आधीच काळ्यानं काढले होतेस, ते कुठे पाहतात ते मला तेव्हा कळलं नव्हतं. ते त्याच्याकडे पाहतात.

चाळीस वर्षं मी ती पाठ लोकांना सांगत आले. त्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. मीही नाही. तो घराकडे येतानाचा चेहरा तू काढलास.

काठी हलवायची थांबले असते. पण थांबायचं नाही असं तू लिहिलं होतंस.

मी म्हटलं होतं, कलेला पत्ता असतो. खरंच असतो. तू तुझा पत्ता विसरली नाहीस, तो तू कापडातच लिहून ठेवलास. तीन वर्षं बस त्या घरी. पुढची तीन लागली तरी बस. सुरतेला मी कळवू का, की तू कळवतेस?

हात कोपरापर्यंत लाल झाले आहेत. रविवारी विहारात पोरींनी विचारलं, बाई, मेंदी कायले लावली? म्हटलं, मेंदी नाही. भाचीचं काम आहे.

कापड जपून पाठवते आहे. पोचलं की कळव.

तुझी आत्या,
वच्छला

*

अहमदाबाद, ३१ मार्च २०२५

प्रिय आत्या,

जय भीम. पोचलं.

सतीशभाईंनी कापड उलगडलं आणि पहिलं वाक्य म्हणाले, हा लाल आमचा नाही. ललिताबेननं कापड डोळ्यांजवळ नेलं, हुंगलं, बोटानं घासलं, आणि विचारलं, या झाडाची मुळं अजून मिळतील का? दोनच झाडं उरलीत म्हटल्यावर ती म्हणाली, मग प्रेमसिंगना सांग, बाकीची मुळं राहू द्या, झाडं जगली पाहिजेत. बिया मात्र हव्यात.

बोकडाच्या दाढीचा डाग तिनं लगेच पाहिला. म्हणाली, खातोय ना तो काहीतरी, असू दे.

मला उद्यापासून रोज सकाळी सातला तिथे जायचं आहे. सुरतला कळवलं.

काल नवरात्र बसली. चार काठ्या रोवून माझं कापड टांगलं. आत्या, मागून ऊन आलं तेव्हा तुझा लाल असा पेटला की गल्लीतली माणसं हातातलं काम टाकून आली. ललिताबेन दिव्याचं ताट घेऊन आली. ते कापडापुढे अगदी मधोमध ठेवतात, खालच्या काठाला लागून. ठेवायला वाकली आणि तिला तो दिसला. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

“हा कोण? याचं तोंड इकडे कसं?”

मी सांगितलं. डफडं, पायरी, सगळं. ती देवीला मानणारी बाई, मला वाटलं आता रागावेल. तिनं ताट उचललं आणि दोन हात बाजूला, भिंतीशी ठेवलं. सुनेनं सासूला विचारलं, “बा, दिवा मधून का काढला?”

ती म्हणाली, “त्याला जायला वाट नको?”

तुझी,
रूपा